साहेबांच्या नावाचे चार स्कॅन

आम्हाला कॅन्सर होऊ शकतो हे कळलं, त्या दिवशी आम्ही चौघांनी नामपल्ली स्टेशनसमोरच्या इराणी हॉटेलात बसून दोन-दोन चहा आणि प्लेटभर उस्मानिया बिस्किटं हाणली, आणि इतके हसलो की गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने दोनदा मान वर करून पाहिलं. वाचणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे. आधी पुरतं ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

आम्ही चौघेही एचआयव्हीचे पेशंट. सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या पहिल्या रांगांमध्ये उभे राहिलेले. तिथल्याच बाकड्यावर आमची ओळख झाली. नाव न विचारणं हा त्या बाकड्यावरचा शिष्टाचार होता, म्हणून आम्ही एकमेकांना धंद्याने ओळखत असू. एक बँडवाले होते, अफझलगंजकडे राहणारे, लग्नाच्या वरातीत ट्रंपेट वाजवणारे. एक मास्टर, शाळेत ड्रिल शिकवणारे, तेलुगू माणूस. एक ऑटोवाला, आदिलाबादकडचा, त्यामुळे मराठी छान समजणारा. आणि चौथा मी, पाटबंधारे खात्यात ट्रेसर. मोठ्या काचेच्या टेबलाखाली दिवा लावून धरणांचे, कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे, हे माझं काम. मला सगळे ‘साहब’ म्हणत, कारण पँटमध्ये शर्ट खोचणारा मी एकटाच होतो.

मला हा आजार कसा झाला ते मी सांगणार नाही. विचारणाऱ्यांचा मला रागच येतो, कारण त्यांना तेवढंच हवं असतं. दोष माझा होता, बायकोचा नव्हता, एवढं पुरे. तिची तपासणी दर वेळी चांगली निघाली आणि दर वेळी तो कागद तिच्या हातात देताना मी दुसरीकडे बघत राहिलो.

तर आमच्या डॉक्टरबाई. वयाने आमच्याहून लहान, बोलायला एकदम फटकळ. सरकारी ड्यूटी संपली की दुपारी अफझलगंजला स्वतःच्या छोट्या दवाखान्यात बसत. त्यांनी एक दिवस आम्हा चौघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, “आप लोगां अब जल्दी मरते नहीं. गोलियां बराबर खारे. तो अब दूसरी बीमारियां देखना पड़ता. आप चारों कित्ते साल से सिगरेट पी रे?”

मास्टर छताकडे बघायला लागले.

बाई म्हणाल्या, आता बाहेरच्या देशांत दिसायला लागलंय, की गोळ्यांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना फुप्फुसाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त होतो आणि लवकर होतो. त्यातून सिगारेट ओढणारे असले तर विचारायलाच नको. त्रास सुरू व्हायच्या आधीच स्कॅन करून पाहिलं तर वेळेवर सापडतो. “पंद्रा-बीस साल और जीना है तो फेफड़े अब्बी से देखना,” असं त्या म्हणाल्या आणि प्रिस्क्रिप्शनवर काहीतरी खरडायला लागल्या.

पंधरा-वीस वर्षं. आमच्यापैकी कुणी पुढच्या दिवाळीला नवे कपडे शिवायचं धाडस करत नव्हतं. मी तर कॅलेंडर विकत घ्यायचं सोडलं होतं, बँकेचं फुकट मिळेल तेवढंच लावायचो. आणि ही बाई आम्हाला म्हातारपणी काय होईल त्याची काळजी करत होती, तेही तोंड वाकडं करून, जशी कुणाही माणसाची करावी तशी. बाहेर पडल्यावर बँडवाले पायरीवरच थांबले आणि म्हणाले, “सुने क्या साहब? अपने को कैंसर हो सकता बोल रई. कैंसर! वो तो बड़े-बड़े लोगां को होता.” आणि तिथून जे हसू फुटलं ते इराणी हॉटेलात बिस्किटं संपेपर्यंत थांबलं नाही.

ते दिवसही तसेच होते. शहरात रोज काहीतरी उघडत होतं. उड्डाणपूल, मॉल, मोबाइलची दुकानं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले होते आणि माझं काचेचं टेबल गोदामात जाणार अशी कुणकुण होती. हिमायतनगरात तर मिठाईच्या दुकानांच्या बरोबरीने स्कॅन सेंटरं झाली होती. त्यातल्याच एकाने परदेशी मशीन आणलं होतं आणि ते लोकांना माहीत व्हावं म्हणून एका रविवारी सकाळी सिगारेट ओढणाऱ्यांसाठी छातीचे स्कॅन फुकट ठेवले होते. बाईंनी आमची नावं न सांगता चार जागा राखून ठेवल्या. आमचा मूळ आजार तिथे सांगायचा नाही, असंही बजावलं, कारण सांगितलं असतं तर मशीन अचानक बिघडलं असतं. निघताना काय सूचना द्यायच्या त्या सगळ्या त्यांनी दिल्या. एकच राहिली, आणि तिथेच घोळ झाला.

मी बायकोला ‘ऑफिसातल्या एकाकडे पूजा आहे’ असं सांगून घरातून सटकलो. सेंटर म्हणजे काय विचारता. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, काउंटरमागे टाय लावलेला पोरगेला क्लार्क. सरकारी दवाखान्यात आम्ही पाच वर्षं ओरडा खाल्लेला. इथे त्याने आम्हाला ‘सर’ म्हटलं आणि आम्ही पार गांगरलो.

मी पहिला होतो. “सर, नाम?” त्याने विचारलं.

आता, खरं नाव कुठेही द्यायचं नाही ही आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेली सवय. पण दुसरं नावही तयार ठेवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांचं नाव गेलं, आडनावासकट. त्यात नवल नाही. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात ते नाव मी वीस वर्षं सुबक अक्षरात काढत आलो होतो. हाताला सवय होती, तीच जिभेला झाली. वय विचारलं तेव्हा ‘पंचेचाळीस’ म्हणालो. साहेबांना त्याहून दहा वर्षं जास्त होती, पण तेवढी सूट मी त्यांना दिली.

माझ्यामागे बँडवाले. त्यांनी डोक्यावरची टोपी केव्हाच खिशात घातली होती. नाव विचारल्यावर कानात नुकतंच पडलेलं तेच नाव त्यांनी जसंच्या तसं सांगून टाकलं. चांगलं तीन शब्दी मराठी ब्राह्मणी नाव, दखनी हेल काढून. क्लार्कने वर पाहिलं. “आप भी?”

“हौ,” बँडवाले म्हणाले. “हमारी तरफ बहोत हैं.”

मास्टर हे सगळं ऐकत होते. ते शिस्तीचे माणूस. त्यांना वाटलं, डॉक्टरबाईंनीच आज हे नाव ठरवून दिलंय आणि आपल्यालाच सांगायचं राहिलं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि तेच नाव, तेच पंचेचाळीस, हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगितलं. चौथ्याला, म्हणजे ऑटोवाल्याला, क्लार्कने काही विचारलंच नाही. नुसता “सेम?” म्हणाला. ऑटोवाल्याने मान हलवली.

पुढे फॉर्मवर प्रश्न होता, दिवसाला किती सिगारेटी. कमी सांगितल्या तर घरी पाठवतील या भीतीने आम्ही आकडे फुगवत गेलो. मी वीस, बँडवाले तीस. मास्टरांनी चाळीस सांगितल्या तेव्हा क्लार्कच्या चेहऱ्यावर आदर दिसला. ऑटोवाला चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, ओढायचा, त्याने त्याची लांबी बोटांनी दाखवली.

मशीन म्हणजे एक मोठं गोल भोक आणि त्यातून सरकत जाणारी फळी. आतून आवाज येतो, ‘सांस रोको’. बँडवाल्यांनी तो असा रोखला की ‘छोड़ो’ म्हटल्यावरही सोडेनात. टेक्निशियन धावत आत आला. हे उठून बसले आणि म्हणाले, “मियाँ, इससे लंबा तो मैं शादी में खींचता.” अर्ध्या तासात चौघांचं काम झालं. प्रत्येकाला नंबरची एक चिठ्ठी मिळाली. फाटकाबाहेर आलो आणि चौघांनीही, एकमेकांकडे न बघता, आपापली चिठ्ठी बारीक फाडून गटारात टाकली. दवाखान्याचा कागद घरी न्यायचा नाही, हीसुद्धा सवयच.

आठवड्याने बाईंनी बोलावलं. टेबलावर सेंटरकडून आलेली चार मोठी पाकिटं एकावर एक ठेवलेली. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता आणि त्यानेच मी घाबरलो.

“ये कौन है?” त्यांनी साहेबांचं नाव वाचून दाखवलं. मग दुसऱ्या पाकिटावरचं वाचलं. मग तिसऱ्या, चौथ्यावरचं. “चारों पैंतालीस. चारों मर्द. नंबर की चिट्ठी किधर है?”

आम्ही सांगितलं, गटारात.

मला वाटलं आता आगपाखड होणार. पण बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आम्हाला कळायच्या आत त्या हसत होत्या. टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. आम्हीही सुटलो. ते नाव म्हणजे आजचा पासवर्ड असं समजल्याचं मास्टरांनी सांगितलं तेव्हा तर कंपाउंडर आत डोकावला. मग बाई एकदम थांबल्या. तीन पाकिटं बाजूला सारली. चौथ्यातली फिल्म काढून दिव्याच्या काचेवर लावली आणि उजव्या बाजूला, वरती, बोटाने दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा एक ठिपका होता.

“ये तुम में से किसी एक का है,” त्या म्हणाल्या. “किसका, मेरे को नहीं मालूम. तुम को भी नहीं मालूम.”

सेंटरवाले पुन्हा फुकट काढणार नव्हते, आणि खरी हकीकत सांगायला जावं तर सगळंच बाहेर आलं असतं. पण बाई हुशार. आम्हा चौघांनाही कधी ना कधी टीबी होऊन गेला होता, आणि टीबी छातीत आपल्या खुणा ठेवून जातो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. तेव्हाचे एक्स-रे गुरुवारी घेऊन या, त्या म्हणाल्या, नाव काही का असेना, छाती खोटं बोलणार नाही. आणि दुसरं असं, की ठिपका ज्याचा असेल त्याच्या जुन्या एक्स-रेत तो त्याच जागी दिसला, तर तो टीबीचाच जुना वण, घाबरायचं कारण नाही. दिसला नाही, तर नवीन. मग छातीत सुई घालून तुकडा काढून तपासावा लागणार. आम्हाला कुठला आजार आहे हे कळल्यावर सुई घालायला किती दवाखाने तयार होतील, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला माहीत होतं.

गुरुवारपर्यंत तीन दिवस होते. तीन दिवसांत प्रत्येकाने दुसऱ्याला एकटं गाठून खात्रीने सांगितलं की ठिपका आपलाच आहे. बँडवाले म्हणाले, परवा वरातीत दम कमी पडला, मेराच है साहब. मास्टर म्हणाले, माझी मुलं मार्गी लागलीत, मला असला तरी चालेल. ऑटोवाला तर रुसलाच, कारण त्याचा दावा कुणी मनावर घेईना. बसमध्ये एकमेकांना जागा द्यावी तसं चाललं होतं. मीही म्हणत होतो, माझाच असणार, नाव माझ्यामुळे झालं ना. पण खरं सांगायचं तर मनातून मला तसं एकदाही वाटलं नाही.

गुरुवारी बँडवाल्यांनी एक्स-रे आणला तो मोठ्या ढोलाच्या आतून, पाच वर्षं तिथेच दडवलेला. मास्टरांनी खेळाच्या सामानाच्या खोलीतून, लेझिमांच्या मागून काढला. ऑटोवाल्याने सीटखालून, घडी पडलेला. बाईंनी एकेक काचेवर लावला. मास्टरांचं कबड्डीत मोडलेलं गळ्याजवळचं हाड सापडलं, एक पाकीट त्यांचं. बँडवाल्यांच्या डाव्या फुप्फुसाच्या तळाशी मोठा पांढरा ओरखडा होता, दुसरं त्यांचं. ऑटोवाल्याच्या बरगड्यांत एक जास्तीची बरगडी निघाली आणि तो उगाचच खूश झाला. तिसरं त्याचं.

चौथं पाकीट टेबलावर राहिलं. त्यातच तो ठिपका होता. बँडवाल्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“आपका पुराना एक्स-रे?” बाईंनी विचारलं.

“जलाया,” मी म्हटलं.

खरंच तसंच होतं. सहा वर्षांपूर्वी मी टीबीने अंथरुणाला खिळलो, त्यातच हा दुसरा आजार कळला, तेव्हा मोफत गोळ्या नव्हत्या आणि मी जगणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून मी बायकोला म्हणालो होतो, हे सगळं बंबात घाल. ती ‘हो’ म्हणाली होती.

घरी आलो. मुलगी कॉलेजला गेलेली. बायको भाजी निवडत होती. पूजेला नव्हतो गेलो, इथपासून सुरुवात केली आणि साहेबांचं नाव, चिठ्ठ्या, ठिपका, सुई, सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिने निवडलेली भाजी एका बाजूला केली, हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. कपाटाचा आरसा तिने सोडवला. मागून एक मोठं पिवळं पाकीट निघालं. सहा वर्षं रोज सकाळी मी त्या आरशात दाढी केली होती.

“जाळला नाहीस?”

“नाही.”

“का?”

ती पाकिटावरची धूळ पुसत होती. मग म्हणाली, “तेव्हा तुम्ही मला जवळ येऊ देत होता का? दाराबाहेरून ताट सरकवायचे मी. तुम्ही झोपलात की दुपारी हे खिडकीला धरून बघायची. आणि बोलायची ह्याला. जे काय मनात होतं ते सगळं. मरायला टेकलेल्या माणसाला काय बोलणार? राग तर मावत नव्हता बाई मला. मग ह्यालाच बोलले. रोज थोडं थोडं. पुढे तुम्ही उठून बसलात, मग राहूनच गेलं.”

तिने आरसा परत लावायला मला सांगितला आणि साडी बदलून आली.

ऑटोवाला गल्लीच्या तोंडाशी उभाच होता, घरी गेलाच नव्हता. त्याने आम्हाला परत अफझलगंजला नेलं. बाईंनी एक्स-रे काचेवर लावला, शेजारी स्कॅनची फिल्म. बरगड्या मोजल्या. एकदा वरून, एकदा खालून. भिंग घेतलं. मला ट्रेसरला त्या काचेची, त्या दिव्याची इतकी सवय, पण त्या वेळी मला नीट काही दिसेना. बायको माझ्यापुढे जाऊन वाकली. आणि बाईंच्या आधी तिनेच बोट ठेवलं.

“हा इथे,” ती म्हणाली. “हा तर तेव्हापासूनच आहे. मला पाठ आहे.”

बाईंनी भिंग तिथे नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. “हौ,” त्या म्हणाल्या. “यहीच है. इत्ताच है. पुराना है.” मग माझ्याकडे वळून, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, सिगारेट आजपासून बंद, आणि पुन्हा कुठे दुसऱ्याचं नाव दिलं तर स्वतः सुई घालीन, असं एका श्वासात सुनावलं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या मास्टरांना कळलं तेव्हा त्यांनी खिशातली शिट्टी काढून वाजवली. सगळे पेशंट दचकले.

परत येताना ऑटोत आम्ही दोघंच मागे. पाकीट तिच्या मांडीवर. पूल ओलांडला. मग बाहेर बघतच तिने सुरुवात केली. धरणाच्या साइटवरच्या त्या मुक्कामापासून. तिथून मी कसा परतलो, काय खोटं बोललो, तिला कधी शंका आली, पहिल्या तपासणीच्या रांगेत ती एकटी कशी उभी होती, शेजारणीला तिने काय सांगितलं. एकेक काढत गेली. आवाज वाढत गेला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. तिने मला निर्लज्ज म्हटलं, नालायक म्हटलं, ज्या शिव्या ती मुलीला तोंडातून काढू देत नाही त्या दिल्या. सहा वर्षं ही बाई माझ्याशी जपून बोलत आली होती, आजारी माणसाशी बोलतात तसं, आणि ते जपणं किती जड होतं हे मला तेव्हाच कळलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला रडू येत होतं आणि इतका आनंद झाला होता की ऑटोतून उतरून नाचावं. ऑटोवाल्याला प्रत्येक शब्द समजत होता. त्याने आरसा दुसरीकडे फिरवला होता.

आमची गल्ली आली. त्याने ऑटो थांबवला. ती उतरली नाही.

“घरी मुलगी आली असेल,” ती त्याला म्हणाली. “माझं अजून व्हायचंय. नुमाइशच्या मैदानाकडून एक चक्कर घ्या.”

त्याने ऑटो वळवला.